टर्बो बसवल्यावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची थ्रॉटल केबल कशी लावायची

चिखलदऱ्याच्या घाटात काकांच्या जुन्या लँड क्रूझरच्या इंजिनाचा आवाज एकदम वर गेला आणि गाडी मात्र जागची हलेना. रेस वाढतेय, ओढ नाही. गाडी कडेला घेऊन डिपस्टिक काढली. गिअरबॉक्सचं ऑइल अंबाडीच्या फुलांच्या सरबतासारखं लाल असायला हवं. ते काळपट झालं होतं आणि त्याला करपलेल्या दुधासारखा वास येत होता. चार महिन्यांपूर्वीच त्या इंजिनाला टर्बो बसवला होता आणि इंजिन अगदी ठणठणीत होतं. जळाल्या होत्या त्या गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेट. टर्बो बसवताना पंपाच्या लिव्हरजवळची एक पट्टी बदलली होती. त्या पट्टीवरून गिअरबॉक्सकडे जाणारी थ्रॉटल केबल नंतर फक्त डोळ्यांनी बघून "बराबर आहे" म्हणून कसली गेली. मीही तेव्हा ती मोजली नाही.

ती मोजायला दहा मिनिटं लागतात. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात अशा जुन्या आयात केलेल्या गाड्या अजून बऱ्याच चालतात. कुणी पंपाचं डिझेल वाढवतं, कुणी टर्बो लावतं, कुणी इंजिनच दुसरं बसवतं. गिअरबॉक्सकडे मात्र तो सरकायला लागल्यावरच लक्ष जातं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर लिहितोय.

तुमच्या गाडीला ही केबल आहे का, ते आधी बघा

नव्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये ही केबल नसते, तिथे सगळं काम कॉम्प्युटर करतो. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच मशीनने चालवणाऱ्या गाड्यांनाही ती नसते. ही केबल असते जुन्या, ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या गिअरबॉक्सना. टोयोटाचे ए४० आणि ए३४० कुटुंबातले गिअरबॉक्स, लँड क्रूझर ८० सीरिजमधले ए४४०एफ आणि ए४४२एफ ही आपल्याकडे भेटणारी उदाहरणं. खाली दिलेली मापं टोयोटाच्या पद्धतीची आहेत. दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला तत्त्व हेच, पण माप त्याच्या पुस्तकातलं घ्यायचं.

बॉनेट उघडा. पेट्रोल गाडीत थ्रॉटल बॉडीची (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाची) चकती शोधा, डिझेलमध्ये फ्युएल पंपाचा लिव्हर. पायाच्या पेडलकडून येणारी केबल केबिनच्या पत्र्यातून बाहेर येते. तिच्या शेजारी दुसरी एखादी केबल खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला उतरत असेल तर तीच आपली. लोक तिला किकडाऊन केबलही म्हणतात. काही लँड क्रूझरना डॅशबोर्डवरून ओढायची हँड थ्रॉटलची केबल असते, काहींना क्रूझ कंट्रोलची. म्हणून केबल हाताने चाचपत तिच्या खालच्या टोकापर्यंत जा. ती गिअरबॉक्सच्या पोटात शिरताना दिसली की खात्री झाली.

ही केबल काय करते

मॅन्युअल गाडीत क्लच तुमच्या पायाखाली असतो. ऑटोमॅटिकमध्ये आत तीन-चार क्लचचे संच असतात आणि त्यांना ऑइलचा दाब घट्ट धरून ठेवतो. दाब कमी पडला तर प्लेट एकमेकींवर घसरतात, तापतात आणि जळतात. दाब नको तेवढा जास्त असेल तर प्रत्येक गिअर धक्क्याने पडतो.

मग किती दाब ठेवायचा हे गिअरबॉक्सला कळतं कसं? तुम्ही हळू चालवताय की ट्रॉली जोडून चढ चढताय, हे त्याला ही केबलच सांगते. पेडल दाबलं की लिव्हर फिरतो, केबल ओढली जाते, आतला एक छोटा कॅम फिरतो आणि एक व्हॉल्व्ह दाबला जातो. त्यातून थ्रॉटल प्रेशर तयार होतं आणि त्याच्या प्रमाणात क्लच धरणारा मुख्य दाब वाढतो. म्हणजे केबल जितकी ओढलेली, तितकी प्लेटची पकड घट्ट.

पूर्ण हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा हेही यावरच ठरतं. गाडीच्या वेगाबरोबर गव्हर्नर नावाच्या व्हॉल्व्हचा दाब वाढतो, समोर थ्रॉटल प्रेशर उभं असतं. गव्हर्नर जिंकला की वरचा गिअर पडतो. म्हणून केबल ताणलेली असेल तर गिअर उशिरा आणि जोरात पडतात, सैल असेल तर लवकर आणि मऊ. ए३४०ई सारख्या ज्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलण्याचं काम कॉम्प्युटर करतो, तिथे केबल फक्त दाब ठरवते. तिथे केबल हलवून गिअरची वेळ बदलायला जाऊ नका. वेळ फारशी बदलणार नाही आणि दाब मात्र बिघडेल.

सैल केबलची गाडी चालवायला गोड लागते. गिअर लोण्यासारखे पडतात आणि मालक खूश असतो. गिअरबॉक्स जातो तो याच गोडीमुळे. काकांची गाडी टर्बो बसवल्यावर "पहिलेपेक्षा नरम झाली" असं आम्ही सगळेच कौतुकानं म्हणत होतो.

इंजिन सुधारल्यावर नेमकं काय बिघडतं

पहिलं म्हणजे लिव्हर बदलतो. नवी थ्रॉटल बॉडी, दुसरा पंप किंवा दुसऱ्या इंजिनाचा लिव्हर बसला की केबलची खिट्टी, म्हणजे तिचं टोक लिव्हरला अडकतं ती जागा, लिव्हरच्या मध्यापासून वेगळ्या अंतरावर येते. अंतर जास्त असेल तर तेवढ्याच पेडलला केबल जास्त ओढली जाते, कमी असेल तर कमी.

दुसरं, केबलचं आवरण धरणारी पट्टी सरकते. टर्बोच्या पाइपला जागा करायला ती कापून पुन्हा वेल्ड करतात, किंवा खाली दोन वॉशर टाकून वर उचलतात. तीन मिलिमीटरचा फरकही इथे पुष्कळ झाला.

तिसरं, आयडल, म्हणजे पेडल न दाबता चालू इंजिनाची रेस, बदलतं. आयडल वाढवलं की लिव्हर मुळातच थोडा फिरलेला राहतो आणि केबलची सुरुवातच पुढून होते.

चौथी गोष्ट सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात येते. समजा लिव्हर तोच आहे, पट्टी तीच आहे आणि केबलला कुणी हातही लावलेला नाही. तरी अर्ध्या पेडलला जुनं इंजिन जेवढा जोर द्यायचं, त्यापेक्षा टर्बोचं इंजिन कितीतरी जास्त जोर देतं. गिअरबॉक्सला मात्र फक्त अर्धं पेडल दिसतं. त्यामुळे तो जुन्या जोराच्या हिशेबानेच प्लेट धरतो. टर्बो लावलेल्या डिझेल गाड्यांत प्लेट जळतात त्या बहुतेक याच मधल्या पट्ट्यात, तिसऱ्या गिअरला, चढावर. तळाशी पेडल दाबून पळवताना जळतात असं समजू नका.

केबलला हात लावण्याआधी

आयडल आधी लावून घ्या, इंजिन पूर्ण गरम असताना. आयडल नंतर लावलं तर केबलचं सगळं काम परत करावं लागेल.

ऑइल तपासा. सपाट जागी, इंजिन चालू, गिअरबॉक्स गरम. ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर थोडा थांबवत सगळीकडे फिरवून पुन्हा पी वर आणा आणि मग डिपस्टिक बघा. पातळी गरमच्या खुणांच्या मध्ये हवी. या जुन्या टोयोटा गिअरबॉक्सना डेक्सरॉन २ किंवा ३ दर्जाचं ऑइल लागतं. जास्तही भरू नका, फेस झाला की दाब पडतो. ऑइल काळं असेल आणि जळका वास येत असेल तर केबल लावून उपयोग नाही. आतलं नुकसान झालेलं आहे, आधी पॅन उघडून बघा. काकांच्या गाडीच्या पॅनमध्ये तळाला काजळासारखा चिकट थर होता, बोटावर घेतला की काळी रेघ उमटायची. तो क्लच प्लेटचा घासून निघालेला मसाला.

पेडलची केबल आधी तपासा. कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि लिव्हर पूर्ण उघडून त्याच्या थांब्याला टेकतो का ते स्वतः बघा. बऱ्याच गाड्यांत जाड मॅटमुळे पेडल पूर्ण जातच नाही. पेडलच पूर्ण जात नसेल तर गिअरबॉक्सची केबल कितीही नीट लावा, पूर्ण दाब मिळणार नाही. इंजिनाचे रबरी माउंटिंग फाटले असतील तर इंजिन डोलतं आणि पेडलची केबल आपोआप ताणली जाते. तेही बघून घ्या. गिअरबॉक्सची केबल मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्येच असते आणि ते दोन्ही एकमेकांना बोल्टने घट्ट असतात. त्यामुळे तिला डोलण्याचा त्रास होत नाही.

डिझेल पंपावर कमाल रेसचा एक सीलबंद स्क्रू असतो. केबलचं माप जुळत नाही म्हणून त्याला हात लावायचा नाही.

केबलची तब्येत

इंजिन बंद, चावी खिशात, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. लिव्हरवरून केबलचं टोक काढा आणि आतली तार हाताने हळू ओढून सोडा. ती गुळगुळीत यायला हवी आणि स्वतःहून झटकन परत जायला हवी. खरखर लागली, तार पिंजलेली दिसली किंवा ती अर्ध्यात अडकली तर केबल बदला. काळ्या मातीची बारीक धूळ आवरणात शिरली की आत लगदा होतो. त्यावर ग्रीस भरलं तर लगदा अजून घट्ट होतो, म्हणून ग्रीस भरून केबल वाचवायला जाऊ नका.

केबलचा मार्गही बघा. टर्बो आणि त्याचा एक्झॉस्ट प्रचंड तापतो. केबल त्याच्यापासून निदान वीतभर लांब हवी आणि मध्ये पत्र्याची आडोशाची पट्टी हवी. आवरणाचं प्लास्टिक एकदा वितळून तारेला चिकटलं तर लिव्हर उघडाच अडकू शकतो. धावत्या गाडीत ते जिवावर बेतेल.

मोजायचं ते दोन्ही टोकांना

बाहेरच्या आवरणाला जिथे धातूची नळी संपते तिथे एक रबरी टोपण असतं. आतल्या तारेवर, लिव्हरच्या बाजूला, एक लहान धातूचा मणी दाबून बसवलेला असतो. तो स्टॉपर. सगळं मोजमाप या मण्यावरून होतं.

एक माप आयडलला. लिव्हर पूर्ण बंद असताना रबर मागे सरकवून बघा. धातूची नळी आणि मणी यांच्यातली फट ० ते १ मिमी हवी.

दुसरं माप पूर्ण पेडलला, इंजिन बंद ठेवून. रबर आपल्या जागी बसलेलं असू द्या. मदतनीस पेडल तळापर्यंत दाबून धरेल. आता रबराच्या बाहेरच्या टोकापासून मण्यापर्यंत ० ते १ मिमी हवं. रबराची लांबी कंपनीने केबलच्या प्रवासाइतकीच ठेवलेली असते, म्हणून ते पट्टीसारखं वापरता येतं.

मूळ इंजिनावर एक माप जुळलं की दुसरं आपोआप जुळतं. त्यामुळे जुने मिस्त्री एकच बघतात आणि त्यांचं काम चालून जातं. इंजिन किंवा लिव्हर बदललेल्या गाडीवर दोन्ही बघितल्याशिवाय सोडायचं नाही. काकांच्या गाडीत आयडलचं माप चोख होतं. पूर्ण पेडलला मणी रबराच्या टोकाच्या सात मिलिमीटर आतच राहत होता. म्हणजे पूर्ण जोराला गिअरबॉक्सला पूर्ण दाब कधी मिळतच नव्हता.

आपल्या उन्हात ते रबर बऱ्याच गाड्यांत फाटून गळून पडलेलं असतं. तसं असेल तर पूर्ण पेडलचं माप असं घ्या. लिव्हरवरून केबल काढा, आतली तार स्प्रिंगच्या जोराविरुद्ध ओढत जा, ती कडक थांबेल तिथे थांबा. मणी नळीपासून किती लांब आला ते स्टीलच्या पट्टीने मोजा. हा केबलचा पूर्ण प्रवास. मग केबल लिव्हरवर लावून पेडल पूर्ण दाबा आणि मणी किती लांब जातो ते मोजा. दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत. पेडलचा आकडा किंचित कमी चालेल, जास्त कधीच नको. जास्त असेल तर केबल आधी टेकते आणि थ्रॉटल पूर्ण उघडत नाही, किंवा रोजच्या ताणाने तार तुटते.

माप चुकलं तर

दोन्ही टोकांना चूक सारखीच असेल, म्हणजे आयडललाही मणी दोन मिमी आत आणि पूर्ण पेडललाही दोन मिमी आत, तर काम सोपं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना आवरणावर दोन नट असतात, बहुतेक १२ किंवा १४ नंबरच्या पान्याचे. आधी सध्याच्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एक नट सैल करा, दुसरा आवळा. आवरण लिव्हरपासून लांब गेलं की केबल ताणली जाते, लिव्हरकडे आलं की सैल होते. सरतेशेवटी दोन्ही नट एकमेकांवर नीट आवळा. नट आवळताना आवरण फिरू देऊ नका, नाहीतर आत पीळ पडतो.

चूक दोन टोकांना वेगवेगळी असेल तर नटांनी ती कधीच सुटणार नाही. आयडल जुळवलं की पूर्ण पेडल बिघडेल, पूर्ण पेडल जुळवलं की आयडल. या खेळात लोक अख्खा दिवस घालवतात. चूक लिव्हरच्या लांबीत असते आणि तिथेच ती दुरुस्त करावी लागते.

हिशेब साधा आहे. समजा केबलचा पूर्ण प्रवास ३३ मिमी आहे आणि लिव्हर ती ४२ मिमी ओढतोय. खिट्टी लिव्हरच्या मध्यापासून ३० मिमीवर आहे. ३० गुणिले ३३ भागिले ४२ केलं की साडेतेवीस मिमी येतात. खिट्टी तिथे हवी. लिव्हर कमी ओढत असेल तर त्याच हिशेबाने खिट्टी बाहेर सरकेल. तालुक्याच्या गावातला कुठलाही लेथवाला जाड पट्टीचा तुकडा लिव्हरवर बसवून योग्य अंतरावर भोक पाडून देतो. अंदाजे पाडायला सांगू नका, कागदावर आकडा लिहून द्या. भोकाच्या कडा घासून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर तार तिथेच कापली जाते.

खिट्टी हलवल्यावर पट्टीही बघावी लागते. पेडल निम्मं दाबलेलं असताना केबल आणि लिव्हर यांच्यात साधारण काटकोन असावा. तो नसेल तर दोन्ही टोकांची मापं जुळूनही मधल्या पेडलला दाब कमी किंवा जास्त राहतो, आणि मधलं पेडल किती महत्त्वाचं हे वर आलंच आहे. केबल पट्टीतून सरळ निघून खिट्टीकडे जायला हवी, तिरकी ओढली जायला नको.

नवी केबल घेतली असेल तर मणी बहुतेक सैल येतो आणि तो आपल्याला दाबून बसवावा लागतो. केबल साधारण २०० मिमी त्रिज्येच्या वळणात धरा, तार हलकेच ओढा आणि पहिला अडसर जाणवला की तिथेच थांबा. नळीपासून ०.८ ते १.५ मिमी अंतरावर मणी पकडीने चेपा. हे एकदाच होतं, म्हणून घाई करू नका.

केबल लावून झाल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, पेडल दहा वेळा तळापर्यंत दाबून सोडा. लिव्हर दर वेळी पूर्ण मागे येऊन थांब्याला टेकायला हवा. एकदाही अडकला तर गाडी सुरू करू नका.

रस्त्यावर

मापं बरोबर आली म्हणजे सुरुवातीची जागा मिळाली. सुधारलेल्या इंजिनाला केबल त्या जागेपासून किंचित ताणावी लागते, आणि किती ताणायची ते रस्ताच सांगतो. उन्हाळ्यात पहाटे निघा. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, दुपारच्या चाचणीत ऑइल नको तेवढं तापतं आणि अंदाज चुकतो. आधी दहा-पंधरा किलोमीटर साधी चालवून गिअरबॉक्स गरम करा. थंड गिअरबॉक्स नेहमीच थोडा धक्का देतो, त्यावरून काही ठरवू नका.

मग हलक्या पायाने गिअर पडू द्या, नंतर मध्यम पायाने, शेवटी चढावर. प्रत्येक बदलाच्या क्षणी कान इंजिनाकडे ठेवा. गिअर बदलताना रेस क्षणभर वर उसळली आणि मग खाली आली, तर प्लेट घसरतेय. लगेच पाय काढा, कडेला थांबा आणि केबल एक मिमी ताणा. "बघू अजून एकदा" असं म्हणू नका. प्रत्येक घसरणीत प्लेट थोडी जातेच.

उलट बाजूची लक्षणं वेगळी आहेत. पी वरून डी मध्ये टाकताच गाडी दणका देते, हलक्या पायालाही गिअर खेचून खेचून पडतो, वरच्या गिअरला जायला फार वेळ घेते. मागच्या महिन्यात शेजारच्या गावातला एक पोरगा अशीच गाडी घेऊन आला.

"भाऊ, गाडी चौथ्या गेरात जाऊनच नाही राह्यली. काहून?"

"केबल कोणं तानली?"

"म्याच. जितकी तानली तितका गेर मजबूत, असं आयकलं होतं."

त्याने आयडलला मणी सहा मिमी बाहेर ओढून ठेवला होता. पूर्ण पेडलला केबल थ्रॉटलच्या आधीच टेकत होती, म्हणजे टर्बोचा अर्धा जोर त्याला मिळतच नव्हता. वर रोजचे दणके प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला बसत होते ते वेगळेच.

माझा अनुभव असा की टर्बो लावलेल्या गाडीला मूळ मापापेक्षा एक ते दोन मिमी ताण पुरेसा होतो. ताणण्याआधी पूर्ण पेडलच्या टोकाला तेवढी जागा शिल्लक आहे का ते बघा. नसेल तर खिट्टी थोडी आत घ्यावी लागेल. एका वेळी एकच मिमी, मग पाच किलोमीटर चालवणं, मग वहीत नोंद. तीन मिमी ताणूनही चढावर घसरण थांबत नसेल तर दोष केबलचा नाही. प्लेट गेलेल्या असतील, पंप थकलेला असेल किंवा इंजिनाचा जोर गिअरबॉक्सच्या कुवतीबाहेर गेला असेल. तिथे केबल ताणत राहिलात तर आजार लपतो आणि खर्च वाढतो.

खात्री करायची असेल तर दाब मोजा. गिअरबॉक्सच्या अंगावर दाब तपासायचा एक लहान बोल्ट असतो. तो काढून न्या आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक होज बनवणाऱ्या दुकानातून त्याच आट्याचा जोड आणि किमान ४०० पीएसआयपर्यंतचा गेज बनवून घ्या. आयडलला आणि केबल हाताने ओढून, दोन्ही वेळा दाब बघा. केबल ओढताना काटा एकसारखा चढायला हवा. आकडे गिअरबॉक्सच्या पुस्तकाशी ताडा. ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची स्टॉल टेस्ट नव्या माणसाने करू नये. कंपनीच्या पुस्तकातही ती सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नका असं लिहिलेलं असतं, आणि टर्बोच्या इंजिनावर पाच सेकंदही जास्तच.

ऑइल थंड ठेवणं

इंजिनाचा जोर वाढला की टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) उष्णताही वाढते. मूळ गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या तळाशी थंड होतं आणि आपल्या उन्हाळ्यात तेवढं पुरत नाही. समोर वेगळा ऑइल कूलर बसवून घ्या. तो बसवला तरी रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचं कुटार आणि कापसाचे तंतू अडकतात. मळणीच्या दिवसांत दर आठवड्याला आतून बाहेर पाणी मारून जाळी धुवा. उसाची किंवा संत्र्याची ट्रॉली ओढताना ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद ठेवून चालवा, ऑइल कमी तापतं.

इंजिनच बदललं असेल तर कागदही पूर्ण करा. इंजिन नंबर आरसीवर असतो आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओकडे मंजूर करून आरसीवर चढवावा लागतो. नाहीतर अपघातानंतर विम्याचं काम अडकतं.

पाचशे किलोमीटर झाले की दोन्ही टोकांची मापं परत घ्या. नवी केबल पहिल्या दिवसांत थोडी बसते आणि नटही सैल होतात. काकांच्या गाडीत आता बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने तीन ओळी लिहिलेल्या आहेत: आयडलची फट, पूर्ण पेडलची फट आणि लिव्हरच्या खिट्टीचं अंतर. पुढच्या वेळी पंप कुणीही उघडला तरी परत बसवताना त्याला आकडे तिथेच मिळतील.